कोंड्याचा मांडा : शरद ऋतूतील आहार आणि श्वसनाचे आरोग्य



पावसाळा सरतो, आश्विनाचे ऊन चटके देऊ लागते आणि काचीगुड्यातील घराघरांतून खोकल्याचा आवाज ऐकू येऊ लागतो. घरभेटींच्या निमित्ताने आम्ही कुटुंबांतून जातो तेव्हा कोठे एखादे मूल सारखे नाक ओढीत असते, कोठे आजोबा उशांना टेकून रात्र बसून काढीत असतात. गृहिणी विचारते, "फादर, यांना खायला काय देऊ?" औषध कोणते द्यावे हे डॉक्टर तिला सांगतात. खायला काय द्यावे याविषयी मात्र शेजारीण एक सांगते, सासूबाई दुसरे सांगतात आणि मोबाईलवर तिसरेच काही येते. म्हणून यंदाच्या शरदात या पानावर त्याच प्रश्नाचा थोडा सविस्तर विचार करावा असे आम्ही ठरविले.

आधी ऋतूविषयी. आश्विन-कार्तिकात दुपारी अंगाची लाही होते आणि पहाटे दव पडते. पावसाळाभर ओल धरलेल्या भिंतींवर आणि कपाटांमागे बुरशी वाढलेली असते. वारा पडतो, रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन तेथेच बसून राहते आणि वाहनांचा, केरकचरा जाळल्याचा धूरही तिच्याबरोबर खाली राहतो. त्यातच दिवाळीचे फटाके येतात. शिवाय पावसानंतर मोकळ्या प्लॉटांत आणि रुळांच्या कडेने कमरेइतके गाजरगवत माजते. आमचे तेलुगू शेजारी त्याला वय्यारिभामा, म्हणजे नखरेल बाई, असे फार समर्पक नाव देतात. हे गवत आपल्या देशात 1950 च्या दशकात पुण्यात प्रथम नजरेस आले आणि तेथून सर्वत्र पसरले. त्याच्या परागांनी कित्येकांना शिंका, डोळ्यांची चुरचुर आणि दम्याची धाप लागते. म्हणजे शरदातील खोकल्याचे मूळ बहुतांशी हवेत आहे, ताटात नाही. हे आरंभीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे लिहावयाचे आहे ते वाचून कोणी भाकरीलाच औषध समजू नये.

तरीही ताटाचा काही संबंध आहे का? चरकसंहितेत शरद ऋतूसाठी तांदूळ, जव आणि गहू ही धान्ये सेवन करण्यास सांगितली आहेत, आणि दही, दिवसाची झोप, पूर्वेचा वारा व दव टाळण्यास सांगितले आहे. दवापासून जपण्याचा सल्ला आजच्या दमेकऱ्यालाही लागू पडतो. धान्यांविषयीच्या त्या सल्ल्यामागचा विचार पित्ताचा होता, फुप्फुसांचा नव्हे. पण त्या काळी तांदूळ हाताने सडलेला असे, गहू-जव जात्यावर दळलेले असत. आज त्याच नावाने आपण जे खातो ते धान्य पुष्कळसे सोललेले असते. धान्याचा दाणा म्हणजे वरचा कोंडा, टोकाचा अंकुर आणि आतला पिठूळ गर. चोथा, लोह, मॅग्नेशियम आणि ब-जीवनसत्त्वे यांचा मोठा वाटा पहिल्या दोहोंत असतो. पांढराशुभ्र तांदूळ आणि मैदा करताना हे दोन्ही काढले जातात आणि गुरांच्या पेंडीत जातात. गुरे धष्टपुष्ट होतात, ही एक गंमतच आहे.

आहाराचा आणि छातीचा संबंध शास्त्राने जेथे तपासला त्या कामाचा वारसा आपल्या अगदी शेजारी आहे. काचीगुड्याहून सिकंदराबादकडे जाणाऱ्या लोकलमध्ये बसले की विद्यानगर लागते आणि त्यापुढचे स्टेशन जामे उस्मानिया. तेथे तार्नाक्याच्या बाजूला राष्ट्रीय पोषण संस्था आहे. आमचे कित्येक वाचक रोज तिच्यावरून जात असतील. ही संस्था मूळची हैदराबादची नव्हे. 1918 साली निलगिरीतील कुन्नूर येथे डॉ. रॉबर्ट मॅकॅरिसन या आयरिश डॉक्टरांनी बेरीबेरी या रोगाच्या चौकशीसाठी एक छोटीशी प्रयोगशाळा सुरू केली. बेरीबेरी हा रोग सडलेल्या पांढऱ्या तांदळावरच गुजराण करणाऱ्यांना होई. कोंड्याबरोबर ब-1 जीवनसत्त्व निघून जाते हे त्याचे कारण. ती प्रयोगशाळा वाढत गेली, 1958 साली हैदराबादला आली आणि 1969 साली तिला आजचे नाव मिळाले.

मॅकॅरिसन यांनी पांढऱ्या उंदरांवर केलेले प्रयोग आजही वाचण्यासारखे आहेत. त्यांनी उंदरांचे सात गट केले आणि हिंदुस्थानातील सात समाजांचा आहार एकेका गटाला दिला: शीख, पठाण, मराठा, गुरखा, कानडी, बंगाली आणि मद्रासी. काही आठवड्यांनी वजन व प्रकृती पाहिली तेव्हा शीख आहाराचे उंदीर पहिले आले, पठाणी दुसरे आणि आपले मराठे तिसरे. सडलेल्या तांदळावर राहणारा मद्रासी आहाराचा गट शेवटचा ठरला. तिसरा नंबर आला म्हणून मराठी वाचकांनी मिशीला पीळ भरू नये. आज आपल्या घरातले ताट त्या मराठा ताटासारखे राहिले आहे का, हे आधी पाहावे.

पुढचा प्रयोग आमच्या विषयाला अधिक जवळचा आहे. एका गटाला शिखांचा आहार दिला: न चाळलेल्या कणकेची चपाती, लोणी, दूध, डाळ व मोड आलेले हरभरे, कच्च्या भाज्या आणि आठवड्यातून एकदा मांस. दुसऱ्या गटाला त्या काळच्या गरीब इंग्रज मजुरांचा आहार दिला: पांढरा पाव, मार्गारिन, गोड चहा, उकडून पाणी टाकलेली भाजी, डब्यातले मांस. पिंजरे, स्वच्छता, ऊन, वारा सगळे सारखे ठेवले. पहिला गट खेळीमेळीने वाढला. दुसऱ्या गटातले उंदीर खुरटले, एकमेकांना चावू लागले आणि मुख्यतः दोन प्रकारच्या रोगांनी आजारी पडले: पोटाच्या आणि फुप्फुसांच्या. निकस आहारावरच्या निरनिराळ्या प्रयोगांतून त्यांनी उंदरांच्या श्वसनेंद्रियांच्या रोगांची जी यादी दिली तीत न्यूमोनिया, ब्राँकायटिस, फुप्फुसावरणाचा दाह असे सर्व काही आहे.

आता येथे सावध राहिले पाहिजे. उंदीर म्हणजे माणूस नव्हे. आणि शिखांच्या ताटात नुसती चपाती नव्हती. दूध, लोणी, गाजर होते, आणि त्यांत अ-जीवनसत्त्व होते. अ-जीवनसत्त्वाशिवाय श्वासनलिकेचे आतले अस्तर कोरडे व दुबळे होते आणि रोगजंतूंना वाट मोकळी होते. तेव्हा त्या उंदरांची फुप्फुसे कोंड्याने वाचली की लोण्याने, हे त्या प्रयोगावरून सांगता येत नाही. बहुधा दोहोंनी मिळून. मॅकॅरिसन यांचाही भर एकेका पदार्थावर नव्हता, सबंध ताटावर होता. आमच्या मते आजच्या जाहिरातबाजीच्या दिवसांत त्यांची हीच गोष्ट सर्वांत मोलाची आहे.

माणसांविषयीचा पुरावा त्यानंतर पुष्कळ वर्षांनी गोळा झाला. 2016 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये निरनिराळ्या देशांतील दीर्घकालीन पाहण्यांचा एक एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. दररोज सुमारे 90 ग्रॅम अख्ख्या धान्याचे पदार्थ अधिक खाणाऱ्यांत श्वसनरोगांनी होणारे मृत्यू सुमारे 22 टक्क्यांनी कमी आढळले. हे आकडे मुख्यतः अमेरिका व युरोपातील लोकांचे आहेत, आणि तेथे अख्खे धान्य खाणारा माणूस सहसा विडी-सिगारेट कमी ओढतो, फिरायलाही जातो. संशोधक या गोष्टी हिशेबातून वजा करण्याचा प्रयत्न करतात, पण त्या पूर्ण वजा होत नाहीत. तेव्हा याला संबंध म्हणावे, सिद्धता म्हणू नये.

असा संबंध का असावा? 2014 साली स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी उंदरांवर दाखविले की आहारातील चोथा मोठ्या आतड्यात पोचला म्हणजे तेथील उपकारक जंतू तो आंबवितात. त्यातून काही लहान आम्ले तयार होतात, ती रक्तात मिसळतात आणि हाडांतील मज्जेत तयार होणाऱ्या संरक्षक पेशींचा ताठरपणा थोडा कमी करतात. पुढे या पेशी फुप्फुसांत गेल्या की धुळीतील किड्यांसारख्या क्षुल्लक कारणावरून आकांडतांडव करीत नाहीत. दमा म्हणजे एका अर्थी शरीराच्या पहारेकऱ्याने उंदराला पाहून बंदूक चालविणेच होय. तो पहारेकरी जरा शांत व्हावा, ही अपेक्षा. माणसांत हे किती प्रमाणात घडते याचा अभ्यास चालू आहे.

आता चोथा कोठे किती, ते पाहू. राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 साली भारतीय अन्नपदार्थांच्या घटकांची कोष्टके प्रसिद्ध केली. त्यांप्रमाणे 100 ग्रॅम पांढऱ्या तांदळात चोथा सुमारे 3 ग्रॅम, मैद्यातही तेवढाच. हातसडीच्या किंवा न पॉलिश केलेल्या तांदळात साडेचारच्या जवळपास. ज्वारीत सुमारे 10, आणि बाजरी, नाचणी व न चाळलेल्या कणकेत 11 च्या पुढे. मॅग्नेशियमचा फरक तर याहून मोठा आहे: पांढऱ्या तांदळात सुमारे 20 मिलिग्रॅम, ज्वारीत सव्वाशेच्या वर. दम्याचा जोराचा झटका आला तर इस्पितळात शिरेतून मॅग्नेशियम देतात, कारण त्याने श्वासनलिकेभोवतीचे आवळलेले स्नायू सैल होतात. पण शिरेतले मॅग्नेशियम वेगळे आणि भाकरीतले वेगळे. झटका आलेल्या माणसाला भाकरी भरवीत बसू नये.

हे मुद्दाम लिहिण्याचे कारण आहे. दरवर्षी जूनमध्ये मृगाच्या सुरुवातीला आपल्या शहरात जिवंत माशाच्या तोंडात औषध घालून तो मासा गिळण्यासाठी दूरदूरहून दमेकऱ्यांची गर्दी जमते. त्या उपायाचा गुण शास्त्रीय कसोटीवर सिद्ध झालेला नाही. तेथे येणाऱ्यांना आम्ही हसत नाही. श्वास अडकतो तेव्हा माणूस काय वाटेल ते करतो. भीती वेगळीच आहे. माशावर असो की भाकरीवर असो, भरवसा ठेवून माणूस आपला श्वासातून घ्यावयाचा पंप बाजूला ठेवतो. पंपाची सवय लागते हा गैरसमज आपल्या घरांतूनही खोल रुजलेला आहे. डॉक्टरांनी रोज घ्यावयास सांगितलेला पंप शरदात तर मुळीच बंद करू नये. धाप लागून वाक्य पूर्ण बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, लहान मुलाच्या बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, तर त्याच घटकेला इस्पितळ गाठावे.

धाप लागते म्हणजे फुप्फुसेच बिघडली असेही नाही. जिना चढताना बायकांना लागणारी धाप पुष्कळदा रक्तक्षयाची असते. रक्तात लोह कमी म्हणून प्राणवायू वाहून नेणारे कमी. येथे बाजरीचा उपयोग आहे. पाटणचेरूची इक्रिसॅट ही संस्था 1972 पासून आपल्या शहराबाहेर उभी आहे. तिने आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने मिळून अधिक लोहाचे धनशक्ती हे बाजरीचे वाण काढले. अधिक लोहाच्या बाजरीचा प्रयोग अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील शाळकरी मुलामुलींवरही झाला, आणि सहा महिने त्या बाजरीची भाकरी व शेव खाल्लेल्या मुलांच्या शरीरातील लोहाचा साठा सुधारल्याचे 2015 साली प्रसिद्ध झाले. भाकरीवर लिंबू पिळलेली भाजी घ्यावी आणि जेवणाबरोबर चहा टाळावा, म्हणजे त्यातले लोह अंगी लागते.

मग प्रश्न पडतो, आपल्या घरांतून ज्वारी-बाजरी गेली कोठे? काचीगुडा हे काही तांदूळ खाणाऱ्यांचेच गाव नव्हते. निजामाच्या रेल्वेने 1916 साली बांधलेल्या या देखण्या स्टेशनावर मनमाडच्या लाइनीने येणारा नांदेड-परभणीचा माणूस उतरे. 1956 पर्यंत मराठवाडा आणि हे शहर एकाच राज्यात होते. कोर्ट, कॉलेज, नोकरी सर्व येथेच. पाहुण्याबरोबर ज्वारीचे गाठोडे येत असे, असे वडीलधारी मंडळी सांगतात. आणि तेलंगणाच्या खेड्यांतही जोन्न रोट्टे व गटका हेच रोजचे अन्न होते, भात सणासुदीचा. पुढे 1983 साली एन. टी. रामाराव यांच्या सरकारने दोन रुपये किलोने तांदूळ देण्यास सुरुवात केली. गरिबाच्या घरात रोज भात शिजू लागला, आणि त्यात त्याची मोठी सोय झाली, हे नाकारून चालणार नाही. उपाशी माणसाला चोथ्याचे महत्त्व सांगणे शोभत नाही. पण त्याबरोबर ज्वारीची मागणी ओसरली, बोअरच्या पाण्यावर धान आला, कोरडवाहू रानात कापूस व मका आला, आणि ज्वारीचे क्षेत्र आटत गेले. 2025 च्या उगादीला तेलंगणात रेशनवर माणशी 6 किलो बारीक तांदूळ विनामूल्य देण्याची योजना सुरू झाली. एकेकाळी गरिबाचे धान्य असलेली ज्वारी आज शहरात बारीक तांदळाहून महाग वाटावी, हा काळाचा महिमा.

म्हणून रेशनच्या तांदळावर चालणाऱ्या घराला आम्ही भात सोडा असे सांगणार नाही. 2023 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात झारखंडमधील एका मोठ्या प्रयोगाची हकीगत आली. क्षयरोग्यांच्या घरातील दहा हजारांवर माणसांची पाहणी त्यात होती. त्यांतील निम्म्या वस्त्यांतील कुटुंबांना दरमहा माणशी 5 किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. या कुटुंबांतील माणसांना क्षय होण्याचे प्रमाण 39 टक्क्यांनी कमी झाले. तो तांदूळ साधाच होता. फुप्फुसांच्या सर्वांत भयंकर रोगावर पोटभर जेवण आणि डाळ यांनी एवढे काम केले. तेव्हा क्रम ध्यानात घ्यावा: आधी पोट भरणे, मग डाळ, मग कोंडा. ज्यांच्या घरी क्षयरोगी आहे त्यांनी हेही लक्षात ठेवावे की निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असलेल्या रोग्याला सरकारकडून मिळणारी रक्कम नोव्हेंबर 2024 पासून दरमहा 1000 रुपये झाली आहे. ती त्याच्या अंडी-डाळीवरच खर्च व्हावी, घरभाड्यात जिरू नये.

ज्यांची ऐपत आहे त्यांना मात्र सबब नाही. आणि त्यांच्याच घरात सर्वांत पांढरा तांदूळ, न्याहारीला पाव आणि चार वाजता उस्मानिया बिस्किट असते. हैदराबादकराला उस्मानिया बिस्किट सोडा म्हणणे कठीण, आम्ही तसे म्हणतही नाही; पण ते मैद्याचे आहे एवढे आठवत असावे. संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळल्यापासून ज्वारी-बाजरीची बिस्किटेही दुकानांत दिसतात. पाकिटावर कणीस मोठे असते. पाठीमागची बारीक अक्षरे वाचली तर अनेकदा पहिला मान मैद्याचा आणि दुसरा साखरेचा असतो. त्यापेक्षा संध्याकाळी रस्त्याच्या कडेला चूल मांडून गरम जोन्न रोट्टे भाजून देणाऱ्या बाईकडून दोन भाकऱ्या घेतलेल्या बऱ्या. त्या बाईला मात्र आपल्या भाकरीपायी चुलीचा धूर छातीत घ्यावा लागतो. गॅसची शेगडी घेण्यासाठी कोणी तिला हातभार लावील तर ते पुण्याचे काम होईल.

आता गृहिणींसाठी थोडे. एकदम सगळे बदलू नये. दिवसातून एका जेवणाला भाकरी किंवा न चाळलेल्या कणकेची पोळी एवढ्यापासून आरंभ करावा. चोथा अचानक वाढला तर पोट गुबारते, आणि दमेकऱ्याचे पोट फुगले तर धापही वाढते. पाणी भरपूर प्यावे. आश्विनाच्या उन्हात ज्वारी बरी. बाजरी उष्ण म्हणून दिवाळीनंतर, थंडी पडल्यावर खावी ही जुनी रीत आहे आणि ती मोडण्याचे काही कारण नाही. कणीक गिरणीतून आणल्यावर मैद्याच्या चाळणीने चाळू नये. मोठ्या भोकांच्या चाळणीने काडीकचरा काढला की पुरे. दात नसलेल्या आजी-आजोबांना ज्वारीच्या कण्या ताकात शिजवून द्याव्यात, किंवा आंबील. मराठवाड्यातील धपाटे आणि घरोघरची थालीपिठाची भाजणी यांत धान्य व डाळ दोन्ही अख्खी येतात. मुलांच्या डब्याला याहून सोपे काही नाही. कोंड्याचा मांडा करणारी बाई असे आपल्यात जे कौतुकाने म्हणतात ते अशाच घरांकडे पाहून म्हटले असले पाहिजे.

एक अपवाद. ज्याला गहू खाल्ल्याने शिंका, अंगावर गांधी किंवा सारखे जुलाब होतात त्याने गव्हाचा आग्रह धरू नये, डॉक्टरांना दाखवावे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शिकेप्रमाणे दिवसभराच्या उष्मांकांपैकी धान्यांचा वाटा 45 टक्क्यांहून अधिक नसावा. म्हणजे भाकरी अख्ख्या धान्याची झाली तरी ताटात भाजी, डाळ, दूध, फळ यांना जागा उरली पाहिजे. मॅकॅरिसन यांचे उंदीर तेच सांगतात.

शेतीवाल्या वाचकांसाठी, आणि साठवणीसाठीही, काही गोष्टी. धान्य खाऊन फुप्फुसे जपावयाची आणि धान्य हाताळताना ती बिघडवावयाची असे होऊ नये. खरीप ज्वारी कणसात असताना परतीचा पाऊस आला की दाणा काळा पडतो. ती बुरशी. अशी ज्वारी मळताना आणि उफणताना जी धूळ उडते ती छातीत गेली की ताप, खोकला व धाप येते, आणि वर्षानुवर्षे गेली तर फुप्फुसे कायमची ताठर होतात. तोंडाला पातळ रुमाल बांधून भागत नाही. घट्ट बसणारा मास्क घ्यावा आणि वाऱ्याकडे पाठ करून काम करावे. दमेकऱ्याने खळ्यावर जाऊच नये. पिठाच्या गिरणीत आणि बेकरीत काम करणाऱ्यांनाही गव्हाच्या पिठाच्या धुळीने दमा होतो. वैद्यकात त्याला बेकऱ्याचा दमा असेच नाव आहे. सुटीच्या दिवशी खोकला कमी आणि कामावर गेल्यावर जास्त, अशी त्याची ओळख.

याहून गंभीर गोष्ट साठवणीच्या गोळ्यांची. धान्याला कीड लागू नये म्हणून काहीजण ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरातल्या कोठीत टाकतात. हवेतील ओलाव्याने त्यांतून फॉस्फीन नावाचा अत्यंत विषारी वायू निघतो. ज्या खोलीत माणसे निजतात तेथे अशी कोठी असेल तर सबंध कुटुंब दगावू शकते. अशा घटना देशात घडलेल्या आहेत. त्या गोळ्या गोदामांसाठी आहेत आणि प्रशिक्षित माणसानेच हाताळावयाच्या आहेत. घरासाठी जुनी पद्धतच चांगली: धान्य कडक उन्हात दोन-तीन दिवस वाळवावे, निवू द्यावे, कोरड्या डब्यात वाळलेल्या कडुनिंबाच्या पानांबरोबर भरावे आणि झाकण घट्ट लावावे.

शरदात ही वाळवणी जमते, कारण पाऊस गेलेला आणि ऊन कडक. परंतु वर्षाची ज्वारी आत्ता भरू नये. मराठवाडा-सोलापूरकडील शाळू ज्वारी, जिच्यात मालदांडीचे नाव मोठे, ती सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये ती घरात येते. पाऊस नसताना पिकत असल्याने तिचा दाणा मोत्यासारखा राहतो. वर्षाची खरेदी तेव्हाच करावी. तोवर महिन्यापुरतीच घ्यावी आणि पीठ तर आठवड्यापुरतेच दळावे. बाजरीत तेल अधिक म्हणून तिचे पीठ लवकर कडवट होते. ज्वारीचे पीठ जुने झाले की त्याची विरी जाते आणि भाकरी थापताना चिरते. तसे झाले तर पीठ टाकून देऊ नये. उकळत्या पाण्यात त्याची उकड काढावी, झाकून दहा मिनिटे ठेवावी, कोमट असतानाच चांगली मळून घ्यावी आणि हलक्या हाताने थापावी.